मॉलिब्डेनम सल्फाइड काळं होत नाही? ओव्हनला शिव्या देण्याआधी हे तपासा

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सहन करणारं बंद भांडं, उघडल्यावर आत मॉलिब्डेनम सल्फाइडची काजळीसारखी काळीभोर पूड हवी असते. ही पूड आम्ही उत्प्रेरक म्हणून वापरतो. तशी नसली की आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस नाना टेबलाशी येऊन हळूच सांगतात, “मॅडम, आजबी काळं नई व्हयनं.” जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की नानांच्या चालीवरूनच बॅच कशी निघाली ते कळतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस नेमके कडक उन्हाळ्यात येतात. दरवर्षी नवी पोरं, बिघाड मात्र जुनेच. म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

खालचा सगळा हिशेब हायड्रोथर्मल, म्हणजे बंद भांड्यात पाण्यासकट तापवायच्या पद्धतीचा आहे: सोडियम मॉलिब्डेट किंवा अमोनियम हेप्टामॉलिब्डेट, सोबत गंधक देणारा थायोयुरिया, टेफ्लॉनची वाटी असलेला स्टीलचा ऑटोक्लेव्ह, २०० अंश सेल्सियस, १८ ते २४ तास. कोबाल्ट, निकेल, तांबं, कॅडमियम यांची सल्फाइडं करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

आधी लक्षणं

पूड बघायच्या आधी वरचं पाणी बघा. पाण्याचा रंग फुकट मिळतो आणि एक्सआरडीपेक्षा (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीपेक्षा) लवकर बोलतो.

- पाणी निळं: मॉलिब्डेनमचं क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणं) अर्धवट झालं, पण त्याला गंधक पुरलं नाही. यालाच ‘मॉलिब्डेनम ब्लू’ म्हणतात.
- पाणी नारिंगी किंवा लालसर: गंधक मिळालं, थायोमॉलिब्डेट तयार झालं, पण गाडी तिथेच थांबली. उष्णता किंवा वेळ कमी पडला, नाहीतर द्रावण जास्त अल्कधर्मी राहिलं.
- पाणी स्वच्छ, पूड राखाडी किंवा चॉकलेटी: आत ऑक्साइड आहे.
- पूड काळी, पण वजन हिशेबापेक्षा जास्त: ओल, सुटं गंधक किंवा क्षार.
- सगळं छान, पण पंधरा दिवसांनी उत्प्रेरक मंदावला: साठवण किंवा सुकवण.
- सगळं छान, पण रंगद्रव्याचा रंग किती उडतो त्या चाचणीचे आकडे दर वेळी वेगळे: बहुतेक वेळा दोष उत्प्रेरकात नसतो, चाचणीत असतो.

यातलं कोणतं लक्षण आहे ते वहीत लिहा आणि वाटीतल्या पाण्याचा मोबाइलवर फोटो काढा. पाणी ओतून दिल्यावर “निळसर होतं वाटतं” असं सांगणारे खूप भेटतात.

पहिली तपासणी: कागद-पेन

मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक इथलीच आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

अमोनियम हेप्टामॉलिब्डेटच्या नावातच ‘हेप्टा’ आहे, म्हणजे एका रेणूत मॉलिब्डेनमचे सात अणू. रेणुभार १२३६ च्या आसपास. सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेटमध्ये मॉलिब्डेनमचा एकच अणू, रेणुभार २४२. मागच्या वर्षी एका मुलीने सोडियम मॉलिब्डेटची कृती घेतली. त्यात १ मिलिमोल मॉलिब्डेट आणि ५ मिलिमोल थायोयुरिया होता. बाटली संपली म्हणून तिने हेप्टामॉलिब्डेट वापरलं आणि तेही १ मिलिमोलच, म्हणजे १.२४ ग्रॅम. आता मॉलिब्डेनम झालं ७ मिलिमोल आणि गंधक राहिलं ५. प्रत्येक मॉलिब्डेनमच्या वाट्याला पाऊण अणूसुद्धा आला नाही. पाणी गर्द निळं. तिने तीच बॅच तीनदा केली आणि तिन्ही वेळा ओव्हनला दोष दिला. वही मागितली तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला.

मग गंधक किती हवं? आपल्याला हवं ते मॉलिब्डेनम डायसल्फाइड (MoS₂), त्याच्या सूत्रात गंधकाचे दोन अणू आहेत म्हणून दुप्पट घेतलं तर पुरत नाही. मॉलिब्डेट मधलं मॉलिब्डेनम +६ अवस्थेत असतं, डायसल्फाइडमध्ये ते +४ लागतं. हे दोन इलेक्ट्रॉन द्यायचं कामही गंधकालाच करावं लागतं. त्या गंधकाचं शेवटी सल्फेट झालं तर एका मॉलिब्डेनममागे किमान सव्वादोन अणू लागतात, नुसतं गंधक होऊन थांबलं तर तीन. शिवाय काही भाग हायड्रोजन सल्फाइड होऊन वाटीतल्या रिकाम्या जागेत जातो. म्हणून मी एकास चार ते पाच ठेवते. त्याच्याही फार वर गेलात तर सुटं गंधक पुडीत अडकतं आणि वजन फुगतं.

वजनाचा हिशेबही इथेच उरका. १ मिलिमोल मॉलिब्डेनमपासून जास्तीत जास्त १६० मिलिग्रॅम डायसल्फाइड मिळू शकतं. आमच्याकडे धुण्यात थोडं जाऊन १२० ते १४० हाती लागतं. कुणी २१० मिलिग्रॅम आणून दाखवलं तर मी अभिनंदन करत नाही, पुन्हा धुवायला लावते.

दुसरी तपासणी: पाणी

आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. किटलीत पांढरा थर, बादलीवर पांढरे डाग, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. ऊर्ध्वपातन यंत्राची कॉइल अशा पाण्यावर चालली की खवले धरते, आणि उकळी जोरात आली की पाण्याचे शिंतोडे वाफेबरोबर थेट ‘डिस्टिल्ड’च्या कॅनमध्ये जातात.

कॅल्शियम मॉलिब्डेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे पाण्यात कॅल्शियम असेल तर मॉलिब्डेनमचा काही भाग थायोयुरियाशी भेट व्हायच्या आधीच पांढरा होऊन तळाशी बसतो. पुढे तो काळ्या पुडीत लपतो आणि एक्सआरडीत २८.८ अंशांजवळ डोकं वर काढतो.

तपासणी सोपी आहे. खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कॅनमध्ये बुडवा. आकडा एक अंकी असेल तर पुढे चला, तीस-चाळीस असेल तर ते पाणी हात धुवायला ठेवा. मीटर नसेल तर मॉलिब्डेट विरघळवून काचेच्या बीकरमागे छापील कागद धरा. अक्षरं धुरकट दिसली की समजा.

तिसरी तपासणी: गंधकाची बाटली

थायोयुरिया तसा गुणी. कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्याऐवजी काहीजण वापरतात ते थायोअसिटामाइड मात्र ओल धरलं की सडक्या अंड्याचा वास सोडू लागतं. तशी बाटली वापरू नका. हे दोन्ही पदार्थ कर्करोगाच्या संशयित यादीत आहेत, तेव्हा हातमोजे घालूनच तोला.

खोलीच्या तापमानाला सोडियम सल्फाइड टाकून कॅडमियम किंवा तांब्याचं सल्फाइड पाडणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. बाजारात मिळणाऱ्या चपट्या पिवळट तुकड्यांमध्ये सोडियम सल्फाइड साधारण ६० टक्के असतं. नऊ पाण्याच्या स्फटिकांमध्ये ते जेमतेम ३२ टक्के भरतं. लेबल न वाचता एकाच्या जागी दुसरं तोललं की गंधक निम्म्यावर येतं नाहीतर दुप्पट होतं. त्यात पावसाळ्यात बाटलीचं झाकण नीट लागलं नसेल तर हवेतला ऑक्सिजन त्याचं थायोसल्फेट करून टाकतो. शंका असेल तर आयोडिनचं अनुमापन करा. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधलंच आहे, अर्ध्या तासाचं काम.

चौथी तपासणी: वाटी आणि झाकण

ओव्हनमध्ये ठेवण्याआधी बंद ऑटोक्लेव्हचं वजन करा. पूर्ण थंड झाल्यावर, न उघडता, पुन्हा करा. एक ग्रॅमपेक्षा जास्त घटलं असेल तर गळती आहे, आणि गळतीतून पाण्याआधी हायड्रोजन सल्फाइड जातो. म्हणजे कागदावर तुम्ही पाचपट गंधक घातलेलं असतं, प्रत्यक्षात वाटीत किती उरलं ते देव जाणे. टेफ्लॉन तापून-निवून हळूहळू आकार सोडतो. वाटीच्या काठावरून नख फिरवा, खाच किंवा उंचवटा लागला तर ती वाटी बाद करा. पक्कड लावून झाकण आवळल्याने गळती थांबत नाही, पुढच्या वेळी उघडायला मात्र दोन माणसं लागतात.

भरणी ७० टक्के ठेवा. ५० मिलीच्या वाटीत ३५ मिली. पाणी २०० अंशांना साधारण पंधरा टक्के फुगतं आणि नुसत्या वाफेचा दाब १५ बारच्या पुढे जातो. शिवाय थायोयुरियाच्या एका रेणूतून अमोनियाचे दोन, हायड्रोजन सल्फाइडचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. वाटी काठोकाठ भरली तर या सगळ्याला जागाच राहत नाही. कमी वेळात जास्त माल म्हणून त्याच वाटीत सहापट थायोयुरिया घालणाऱ्यांना मी ओव्हनच्या खोलीत येऊ देत नाही.

एका धातूला एकच वाटी ठेवा आणि वाटीवर धातूचं नाव कोरून ठेवा. निकेलची वाटी मॉलिब्डेनमला वापरली आणि हायड्रोजन-निर्मितीचे आकडे अचानक सुधारले, तर शोध लागला असं समजू नका.

पाचवी तपासणी: ओव्हन आणि वीज

पाणी नारिंगी असेल तर वरचं सगळं वाचून झाल्यावर इथेच यायचंय.

भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजताना घाई केली की साल करपते आणि देठाजवळ कच्चं राहतं. जाड स्टीलच्या ऑटोक्लेव्हचंही तसंच आहे. ओव्हनच्या पडद्यावर २०० दिसलं म्हणजे आतलं पाणी २०० झालं असं नाही. स्टील, त्याच्या आत टेफ्लॉन, आणि टेफ्लॉन तर उष्णता अडवण्यात पटाईत. लहान ऑटोक्लेव्हलाही तास-दीड तास लागतो. वेळ तिथून मोजा.

शिवाय पडद्यावरचा आकडा ओव्हनच्या भिंतीजवळच्या सेन्सरचा असतो. मल्टिमीटरला जोडायची थर्मोकपलची वायर वरच्या भोकातून आत सोडा आणि तिचं टोक ऑटोक्लेव्हच्या अंगाला टेकवा. आमच्या जुन्या ओव्हनमध्ये पडदा २०० दाखवत होता तेव्हा खालच्या कप्प्यात १८४ निघाले. त्या एका आकड्याने दोन वर्षांच्या राखाडी पुड्यांचं कोडं सुटलं. इतक्या खाली आणि कमी वेळात अभिक्रिया अर्धवट राहते आणि ऑक्साइड तसंच उरतं.

आता वीज. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश, गावभर कूलर, आणि रात्री कधीतरी लाइट जाणारच. आमच्या ओव्हनचा कंट्रोलर वीज परत आली तरी आपणहून सुरू होत नाही, बटण दाबायची वाट बघत बसतो. सकाळी नाना येतात, पडदा बंद दिसला की सवयीने बटण दाबतात. दहा वाजता मुलं येतात तेव्हा पडद्यावर २०० असतं आणि सगळे खूश.

यावर उपाय म्हणून मी ओव्हनच्याच बोर्डावर चोवीस तासांचा, चकती फिरणारा प्लग टायमर लावला. त्यात छोटी मोटर असते, वीज असेपर्यंतच फिरते. सकाळी त्याची वेळ सेलच्या घड्याळाशी ताडून बघायची, जेवढा फरक तेवढा वेळ लाइट नव्हती. पहिल्याच आठवड्यात टायमर चार तास चाळीस मिनिटं मागे सापडला. संध्याकाळी चारला लावलेली बॅच, रात्री एकनंतर लाइट गेली, पहाटे सहाच्या आत आली, नानांनी बटण दाबलं आठला. अठरा तासांची म्हणून वहीत नोंदलेली बॅच, तापायचा दीड तास वजा केला तर, लाइट जाईपर्यंत जेमतेम साडेसात तास शिजली होती. त्याआधी दोन महिने आम्ही थायोयुरियाचा पुरवठादार बदलायच्या गोष्टी करत होतो.

लाइट गेलेली बॅच पुन्हा तापवून पूर्ण करता येते का, असं मुलं विचारतात. पूड काळी होईलही, पण मध्ये थंड होऊन पुन्हा वाढलेल्या थरांची जाडी वेगळी असते. या पदार्थात काम करणाऱ्या जागा थरांच्या कडांवर असतात, सपाट पृष्ठावर नाही. थर वाढले, कडा कमी झाल्या की रंग तोच राहतो आणि काम घटतं. तुलना करायची असेल तर ती बॅच फेका, शिकायला म्हणून करायची असेल तर खुशाल करा.

सहावी तपासणी: धुणं आणि सुकवणं

तिसऱ्या-चौथ्या धुण्याला वरचं पाणी अचानक काळपट होतं आणि सेंट्रिफ्यूज केलं तरी बसत नाही. पोरं घाबरतात. यात बिघाड काही नाही. क्षार निघून गेले की बारीक कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात तरंगू लागतात. पाण्यात निम्मं इथेनॉल घाला, बसतील.

सुटं गंधक पाण्याने निघत नाही, इथेनॉलनेही नीट नाही. हुडाखाली (वायू बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या कपाटात) टोल्युइनने धुवा. कार्बन डायसल्फाइड गंधक छान काढतं हे खरं, पण ते इतक्या सहज पेट घेतं की विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत मी बाटलीच ठेवत नाही.

सुकवायला व्हॅक्यूम ओव्हन, ६० अंश, रात्रभर. साध्या ओव्हनमध्ये शंभरावर ठेवलेलं ओलं, बारीक सल्फाइड हवेतला ऑक्सिजन घेतं. मॉलिब्डेनम त्यातल्या त्यात सोशीक. कोबाल्ट, निकेल आणि लोखंडाची सल्फाइडं लवकर सल्फेटकडे वळतात. बारीक लोखंडी सल्फाइड तर हवेत आपोआप तापून पेटू शकतं, तेलशुद्धीकरण कारखान्यांत टाक्या उघडताना याच कारणाने ते ओलं ठेवतात. पंधरा दिवसांत मंदावणाऱ्या उत्प्रेरकाचं उत्तर बहुधा याच परिच्छेदात आहे. लहान कुप्या घ्या, त्यात नायट्रोजन सोडा आणि एका वेळी एकच कुपी उघडा.

सातवी तपासणी: चाचणीच चुकतेय का?

मिथिलिन ब्लूचा रंग उडाला म्हणजे उत्प्रेरण झालं, असं गृहीत धरू नका. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे रंगद्रव्य नुसतंच शोषून घेतं, तेही भरपूर. अंधारात किमान अर्धा तास ढवळा, ६६४ नॅनोमीटरला शोषण स्थिर झालंय का ते दोनदा बघा आणि मगच दिवा लावा. हे न केल्याने ओलसर खोलीत एक आकडा, कोरड्या खोलीत दुसरा, असं वाटत राहतं. दिव्याच्या उष्णतेने बीकर तापत असेल तर भोवती पाण्याचं आवरण ठेवा, नाहीतर मे आणि डिसेंबरची तुलना होणारच नाही.

शेवटी महागड्या तपासण्या

एवढं करूनही दोष सापडला नाही तर विद्यापीठात सॅम्पल पाठवा. एक्सआरडीत १४.४ अंशांजवळचं शिखर थरांमधलं नेहमीचं अंतर दाखवतं. ते ९ च्या आसपास सरकलं असेल तर थरांमध्ये अमोनियम शिरलंय, याला बिघाड म्हणू नका, कधीकधी हवंच असतं. २६ आणि ३७ जवळ काही दिसलं तर मॉलिब्डेनम डायऑक्साइड, २३.१ ला टोकदार दिसलं तर गंधक.

रामनमध्ये (लेझरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखायच्या तपासणीत) ३८३ आणि ४०८ ही जोडी हवी. ८१९ आणि ९९५ दिसलं तर ट्रायऑक्साइड, पण निराश व्हायच्या आधी लेझर किती जोरात लावला होता ते विचारा. काळी पूड उष्णता पटकन धरते आणि मोजता मोजताच लेझरखाली तिचं ऑक्साइड होतं. दहा टक्क्यांवर पुन्हा मोजायला सांगा. आमचं एक सॅम्पल असं दोनदा ‘नापास’ होऊन तिसऱ्यांदा पास झालंय.

इथे थांबा, माणूस बोलवा

ओव्हनने ठरवलेलं तापमान ओलांडलं आणि ते चढतच राहिलं, तर पडद्यावरची बटणं दाबत बसू नका. भिंतीवरचा मेन स्विच बंद करा, खोलीबाहेर पडा आणि दार ओढून घ्या. आतला सॉलिड स्टेट रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा भाग) बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. टेफ्लॉनची वाटी मी २२० च्या वर नेत नाही. रिले बदलणं आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारं वेगळं कटआउट बसवणं हे ओव्हनच्या मेकॅनिकचं काम आहे, फिजिक्सच्या हुशार पोराचं नाही.

ऑटोक्लेव्हच्या स्टीलवर बारीक चीर दिसली, आटे झिजले किंवा झाकण तिरकं बसू लागलं, तर तो दुरुस्त करायचा नसतो. वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

खोलीत सडक्या अंड्याचा वास आला तर ओव्हन बाहेरूनच बंद करा, खिडक्या आधीपासून उघड्या असतील तर ठीक, नसतील तर उघडायला आत जाऊ नका. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असंही नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास पोचला की नाकच बधिर होतं, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीला साठतो. कुणाला चक्कर आली असेल तर त्याला ओढायला एकट्याने धावू नका. १०८ लावा, श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमनवाल्यांना बोलवा. आमच्या नानांची चांदीची अंगठी एका आठवड्यात काळी पडली तेव्हा आम्हाला कळलं की हूडचा पंखा फिरतोय पण हवा ओढत नाही. त्या दिवसापासून लेड ॲसिटेटचा कागद हूडशेजारी चिकटवलेला असतो. कागद तपकिरी झाला की काम बंद, आणि डक्ट तपासायला बाहेरचा माणूस.

बाटलीतला हायड्रोजन सल्फाइड वायू किंवा ट्यूब फर्नेसमध्ये गंधकाची वाफ सोडून सल्फाइड करायचं असेल तर गॅस डिटेक्टर, बाहेर जाणारा वायू शोषून घेणारा स्क्रबर आणि हे आधी केलेला माणूस, तिन्ही असल्याशिवाय सुरुवात करू नका. तालुक्याच्या कॉलेजात हे तिन्ही एकत्र मी तरी पाहिलेले नाहीत.

आणि धुण्याचं पाणी: ते अल्कधर्मी करून वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, कॅनवर मोठ्या अक्षरात ‘सल्फाइड, ॲसिड टाकू नये’ असं मराठीत लिहा. कॅन कोण रिकामा करणार आहे, त्याला वाचता येईल अशा भाषेत.